खांद्यावरचा हात

फोटो स्टुडिओत माझ्यापुढे एक म्हातारी आई आणि तिची लेक होत्या. लेकीने मोर्चाचा जुना फोटो काउंटरवर ठेवला.

"यातले आमचे बाबा तेवढे मोठे करून द्या. भिंतीवर लावायचेत."

"देतो की. पण ताई, त्यांच्या खांद्यावर पोलिसाचा हात आलाय."

"तो काढून टाका."

"काढू नका हो."

"आई, रोज तो हात बघत बसणार का तू?"

"बघेन. चौकीवर अजून म्हणतात, आम्ही त्यांना नेलंच नाही."

"आता कोण विचारतंय, आई?"

"तुझी पोरं विचारतील. आजोबा मोर्चातून घरी का आले नाहीत म्हणून."

लेकीने फोटो उचलून डोळ्यांजवळ धरला, मग परत काउंटरवर ठेवला.

"दादा, हातासकट करा. बाहीवरचा बिल्ला वाचता येईल, एवढा मोठा."