जुळवून घे

नाही नाही, मशीन लगेच पेटीत भरू नका — आधी ऐका. तुमच्या कंपनीचं मशीन चोख आहे, मी लिहून देतो. बोगद्यात तिपाईवर उभं करायचं, ते गरगर मान फिरवतं, आणि वीस मिनिटांत भिंती, छत, खड्डा न् खड्डा स्क्रीनवर. त्याच कामाला मामांना आठ दिवस लागायचे — फीत, खुंट्या, चहा, परत फीत. मामा म्हणजे या खाणीच्या मोजणीचे मुख्य, माझ्या आईचे सख्खे भाऊ. मी तिसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडलं तेव्हा त्यांनीच मला इथं हाताखाली चिकटवलं, आणि तेव्हापासून दिवसातून एकदा तरी ऐकवलंय — माझ्यामुळे खातोयस. तो फरशीवरचा डाग ना? शाई नाही ती. त्यांचंच रक्त आहे. सकाळी त्यांचा उजवा हात या टेबलावर दाबून धरला आणि तिपाईच्या पायानं ठेचला. चार बोटं. तशीही ती बोटं काय कामाची होती — माउस धरायचे तो झुरळ पकडल्यासारखा, दोन बोटांच्या चिमटीत, आणि तोही सुटायचा. बसा, खुर्ची स्वच्छ आहे.

का मारलं म्हणून काय विचारता — चौकशीला म्हातारा काय बोलला ते तुम्हाला माहितीये, म्हणून तर तुम्ही धावत आलात. मशीननं चुकीचं मोजलं, म्हणे. मशीननं? आमच्या बोगद्यापुढे जुना बंद भाग आहे, वर्षानुवर्षं पाण्यानं भरलेला. मामांच्या नकाशात मधे चाळीस मीटर खडक. तुमच्या मशीननं आमचा बोगदा मोजला, तर तो नकाशापेक्षा पुढे गेलेला — खडक उरला दहा. फरक किती? तीस. आमची फीत केवढी? तीस मीटरची. म्हणजे कधीतरी साहेबांनी फीत ओढली आणि वहीत लिहायची राहिली, बस — एक फीत. मी दाखवलं त्यांना. मान्य करायचं होतं फक्त. तर म्हणाले, बावीस वर्षं ही खाण माझ्या वहीवर चालतेय, हे परवाचं खेळणं मला शिकवणार का? जुळवून घे.

तुमच्या त्या प्रोग्रॅममध्ये बटण आहे ना — जुन्या नकाशातल्या तीन खुंट्या निवडायच्या, बटण दाबायचं, की मशीनचं चित्र गुमान मागे सरकून खुंट्यांवर बसतं. आम्ही त्याला ‘जुळवा’ म्हणतो. फार आवडता शब्द हा आमच्या घरात. हॉस्टेलमध्ये मला पट्ट्यानं सोलून काढलं, तर बाबा म्हणाले, जुळवून घे. ताई सासरहून फुटलेला ओठ घेऊन आली, तर आईनं तिला चहा पाजला आणि म्हणाली, जुळवून घे. या सगळ्या म्हाताऱ्यांना आयुष्यात एकच बटण सापडलंय.

मग तो खडक फुटला. सकाळी दहा वीसला, पहिल्या पाळीत. पाणी वाहत येतं असं वाटतं ना तुम्हाला? नाही येत. ते दगड फेकत येतं. तिघे गेले. पुढे ड्रिलवर माझा थोरला भाऊ होता. ड्रिलचा दांडा दादाच्या छातीतून आरपार जाऊन मागच्या ट्रॉलीत रुतला — कटरनं कापून सोडवावा लागला, आणि कटर माझ्याच हातात होता. मामा बाजूला उभे राहून रुमालानं चष्मा पुसत होते. आणि आज सकाळी इथं येऊन, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, आता तूही मशीनचंच नाव सांग, झालं ते झालं — जुळवून घे. तोच हात. धरला मग.

हा पेनड्राइव्ह घ्या. मूळ फाइल आहे, दहा मीटरवाली, हलवण्याआधीची. खालची नोंदही आहे — कोणी, किती वाजता सरकवली. मामांच्याच नावानं आहे, बघा.

काय झालं? असं काय बघताय?

हो. माउस. मीच सांगितलं मघाशी, नाही का.

त्यांच्या पासवर्डनं मीच बसायचो रोज. तीन खुंट्या मी निवडल्या. ते मागे उभे होते, चहा पीत — पण बोट माझं. त्यांच्या तोंडावर फेकायला मूळ फाइल जपून ठेवली होती, कधीतरी, योग्य वेळी. एवढा शहाणा मी. आणि त्या सकाळी खाणीत उतरायच्या पाळण्यात चढताना दादानं विचारलं होतं, पुढे किती आहे रे? दोन्ही आकडे तोंडपाठ होते मला. मी म्हणालो, चाळीस. बिनधास्त मार.

आता घ्या तुमचं मशीन आणि निघा. नाही, तिपाई नको. ती राहू द्या इथंच. टेबलही आहे तिथंच असू दे. जाताना दार ओढून घ्या.