वर्गातली विधवा

कुलूपवाला : ते व्याकरण-बिकरण राहू द्या बाई. मी मेलो कसा, तेवढं सांगा.

बाई : हळू बोला. पलीकडच्या खोलीत टायपिंगचा वर्ग चालू आहे.

कुलूपवाला : मेलेला माणूस याहून हळू बोलत नाही.

बाई : आधी तुम्ही कोण, ते तरी कळू द्या.

कुलूपवाला : चौकातला कुलूपवाला. तुमच्याकडे इंग्रजी शिकायला संध्याकाळी हॉटेलातली एक बाई येते ना, चादरी-खोल्यांवर देखरेख करते ती? तिचा नवरा. म्हणजे कैलासवासी नवरा.

बाई : अच्छा. हे तुम्हाला कुणी सांगितलं?

कुलूपवाला : न्हाव्यानं. तोही तुमचाच चेला. दाढी करता करता म्हणाला, काल वहिनींनी तुमचं मरण असं रंगवलं, की सगळा वर्ग रुमाल शोधत होता.

बाई : वर्गातलं वर्गात ठेवायचं असं ठरलंय आमचं.

कुलूपवाला : चोरांचंही तसंच ठरलेलं असतं. आज माझी खात्री पटली नाही, तर उद्यापासून ती या जिन्याची पायरी चढणार नाही. सांगून ठेवतो.

बाई : मग नीट ऐका. मोठी माणसं परकी भाषा बोलायला घाबरतात. चुकलो तर लोक हसतील, ही धास्ती. म्हणून इथला नियम असा, की दारातून आत आलं की नाव, धंदा, घरदार सगळं बाहेर. आत प्रत्येकजण दुसराच कुणीतरी. चूक झाली तर ती त्या दुसऱ्याची. जीभ सैल सुटते. न्हावी इथे जहाजाचा कप्तान आहे. कोर्टातले पेन्शनर कारकून सर्कशीत सिंह खेळवतात.

कुलूपवाला : ते कारकून? ते शेळी दिसली तरी फुटपाथ बदलतात.

बाई : परवा त्यांनी सिंहाची दाढ उपटली. एकदाही न अडखळता.

कुलूपवाला : सिंह की कारकून?

बाई : दोघंही.

कुलूपवाला : आणि आमची?

बाई : त्यांनी आपणहून निवडलं. बेटावर बंगला असलेली श्रीमंत विधवा.

कुलूपवाला : जगात इतके धंदे पडलेत. राणी व्हावं, डॉक्टरीण व्हावं. हिला नेमका हाच बरा सापडला?

बाई : भूतकाळाच्या सरावाला मेलेला नवरा सोयीचा पडतो.

कुलूपवाला : तुमची सोय झाली, माझं मढं झालं. बरं, गेलो कशानं?

बाई : दर खेपेला निराळं. एकदा बलूनमधून पडलात. एकदा देवमाशानं गिळलं, ते वर्णन फार सुरेख होतं. काल तुम्ही एका राजाची तिजोरी उघडून आत शिरलात, आणि मागून दार लागलं.

कुलूपवाला : तिजोरीत? मी? ही बदनामी आहे बाई. माणसाला मारायचं तर मारावं, धंद्यातून उठवू नये.

बाई : म्हणजे देवमासा चालेल?

कुलूपवाला : हसण्यावारी नेऊ नका. मरणाचं मला काही नाही. खटकतंय ते त्या कप्तानाचं. गळ्यावर वस्तरा टेकवून सांगतो, तुमच्या विधवेला मी चहाला बोलावलं. मी हूं की चूं करणार कसा?

बाई : आमंत्रण कसं द्यावं, असा धडा होता तो.

कुलूपवाला : आणि नकार कसा द्यावा, तो धडा कधी आहे?

बाई : तोही लगेच झाला. तुमच्या मंडळींनी नकार दिला. माझ्या नवऱ्यासारखा माणूस पुन्हा मिळायचा नाही, म्हणाल्या.

कुलूपवाला : असं म्हणाली?

बाई : शब्दशः. तो कसा होता, तेही सांगितलं. ती बोलायला लागली की हातातलं काम खाली ठेवायचा. तिच्याकडे बघायचा. गोष्ट संपेपर्यंत मध्ये तोंड घालायचा नाही. मोठ्यानं हसायचा.

कुलूपवाला : थांबा.

बाई : काय झालं?

कुलूपवाला : हा मी नाही.

बाई : असं कसं?

कुलूपवाला : मी घरीसुद्धा किल्ल्यांवर कानस घासत बसतो. ती बोलते, मी हं हं करतो. कुठे हं म्हणायचं तेही आता हातातल्या कानशीलाच ठाऊक. मग हा हातातलं खाली ठेवणारा कोण? कप्तानावर मी उगाच डोळा ठेवला. पाणी मुरतंय ते दुसरीकडेच.

बाई : माणूस कल्पनाही करतो.

कुलूपवाला : देवमासा कल्पनेतला, कबूल. पण कुलूप पाहिल्याशिवाय किल्ली घासता येत नाही. असला माणूस तिनं कुठेतरी पाहिलाय. हॉटेलात कोण कोण उतरतं, कुणास ठाऊक. तुम्हाला काही माहीत असेल, तर आत्ताच सांगा.

बाई : मी भाषा शिकवते, पाळत ठेवत नाही. त्या येतीलच इतक्यात. तुम्हीच विचारा. पण नियम पाळून, इंग्रजीत.

कुलूपवाला : मला इंग्रजीतलं हो आणि नाही एवढंच येतं.

बाई : पुष्कळांचे संसार तेवढ्यावर चालतात. बाकीचं मी इकडचं तिकडे करीन. तुम्ही कोण होणार?

कुलूपवाला : हेर.

बाई : हेरानं आधी सांगायचं नसतं. पण असू दे.

(बायको आत येते, नवऱ्याला बघून थबकते, मग समोरच्या बाकावर बसते. यापुढे ती बोलते ते इंग्रजीत, आणि वर्गाच्या नियमाप्रमाणे तिला मराठी कळत नाही. बाई ते कुलूपवाल्याला आणि त्याचं तिला सांगत जातात.)

बायको : नमस्कार. हे गृहस्थ नवे आहेत?

बाई : नवे आहेत. हेर आहेत. तुमच्या दिवंगत यजमानांची चौकशी करायची म्हणतात.

बायको : हेराच्या गालाला काळं लागलं आहे.

कुलूपवाला : बघा, विषय बदलते. विचारा तिला, तो माणूस भेटला कुठे? आणि देवमाशा-बलूनच्या थापा नकोत म्हणावं.

बायको : माझ्या मामाच्या घरी. मी तरुण होते. माडीवरच्या खोलीत मी अडकले. दार उघडेना. मी रडत होते.

कुलूपवाला : मामाच्या घरी?

बायको : मामानं एका माणसाला बोलावलं. त्यानं हत्यारं खाली ठेवली. तो दाराबाहेर जमिनीवर बसला. म्हणाला, घाबरू नका, माझ्याशी बोला. मी बोलले. मामाबद्दल बोलले, शाळेबद्दल बोलले. सगळं बोलले. तो ऐकत होता. तो हसत होता. दुपार संपली. मग दार उघडलं.

बाई : कळलं ना तुम्हाला? का मी पुन्हा सांगू?

कुलूपवाला : नको.

बाई : मग पुढचा प्रश्न?

कुलूपवाला : ते कुलूप साधं होतं बाई. चुटकीसरशी निघालं असतं. हे तिला सांगू नका.

बाई : इथे सगळं सांगायचं असतं.

बायको : काय म्हणतात हेर?

बाई : कुलूप साधं होतं, म्हणतात.

बायको : मला माहीत आहे. कडी मी आतून धरली होती.

कुलूपवाला : काय म्हणाली?

बाई : कडी त्यांनीच आतून धरली होती.

कुलूपवाला : बरं. मग विचारा, तो मेला कधी?

बायको : तारीख आठवत नाही. दुकान मोठं झालं. एक दिवस मी बोलत होते आणि तो तिथे नव्हता. तो समोरच बसला होता.

बाई : हे सांगू का तुम्हाला?

कुलूपवाला : राहू द्या. तिच्या तोंडावरून समजलं. बाई, आता माझं एक विचारा. आज दिवसभर काय काय झालं, म्हणावं.

बायको : त्यांना सांगा, उत्तर लांब आहे.

कुलूपवाला : सांगा तिला, दुकान बंद करून आलोय.