दुकानापुरता स्थिर हात

"दुकानात हात अगदी स्थिर, आणि घरी आलात की चहा माझ्या अंगावर!"

शेजारच्या खुर्चीवरची बाई नवऱ्यावर कुजबुजतच कुरकुरली होती. पण आपल्या आईची तपासणी होईपर्यंत डॉक्टरांच्या खोलीबाहेर पेपर तपासत बसलेल्या शिक्षिकेचे कान तिकडे गेले ते गेलेच.

"अगं, हळू बोल. शिंप्याचा हात थरथरला तर गिऱ्हाइकाची बाही वाकडी होईल."

"म्हणून घराच्या उंबऱ्यात पाय ठेवताच थरथर थांबवणारं ते यंत्र बंद करायचं? छातीत बसवलंय ते काय गिऱ्हाइकांसाठी?"

"बॅटरी पुरवून वापरतोय. एवढासा तो कॉम्प्युटर, रात्रंदिवस चालू ठेवला तर लवकर संपेल."

"संपू दे. डॉक्टर नवी बसवतील."

"तुला काय जातंय म्हणायला!"

"आणि रोज सुनेसमोर मी तुम्हाला भरवते, ते बरं चालतं?"

"तुझ्या हातचं गोड लागतं."

"लाडीगोडी पुरे. खरं काय ते सांगा."

शिक्षिकेचं लाल पेन एव्हाना थांबलंच होतं.

"नवी बसवायची म्हणजे पुन्हा भूल आली. मागच्या वेळी जाग आली, तेव्हा समोर बसलेली तू कोण, तेच मला आठवेना. तुला कळू नये म्हणून दिवसभर नुसता हसत राहिलो."

"ठाऊक आहे मला."

"कसं काय?"

"पाणी मागताना मला ताई म्हणालात."

"आणि तू काहीच बोलली नाहीस?"

"बोलायचं काय त्यात? पाणी दिलं. परत ताई म्हणालात, तरी देईन."