बाहेरून लावलेले कुलूप

नाव भटू नामदेव सोनवणे, वय ४९ वर्षे, व्यवसाय नोकरी (रंगाच्या कारखान्यात गॅसगळतीचे पथक), राहणार कारखान्याच्या भिंतीमागील चाळ, बमरोली, सुरत. मूळ गाव तालुका साक्री, जिल्हा धुळे.

समक्ष हजर राहून लिहून देतो की, गजेंद्र बागुल हा माझा खोलीतला सोबती. तो कापडाच्या लूमवर रात्रपाळी करायचा, मी दिवसपाळी. खोलीत खाट एकच. एकमेकांना जागे आम्ही सकाळी चहापुरतेच पाहत असू.

काल सकाळी तो आला आणि म्हणाला, "भाऊ, खाट गरम शे ना? मंग जाय आते, मना नंबर." मी म्हणालो, "पहिले आंघोय कर, गधडा." देवापुढे उदबत्ती लावून मी निघालो तेव्हा तो पांघरुणातून बोलला, "कुलूप लाई जाय. पोरे जपू देतस नही." चाळीतली पोरे दार वाजवून झोपू देत नाहीत, म्हणून मी बाहेरून कुलूप लावले व किल्ली खिशात ठेवली. आमच्या चाळीत रात्रपाळीवाल्यांच्या खोल्यांना दिवसा असेच कुलूप असते.

दुपारी दोनच्या सुमारास क्लोरिनच्या टाकीचा व्हॉल्व्ह फुटला. मी व पथकातील सुशांत बंद पोशाख व हवेचा मुखवटा चढवून आत गेलो. गळतीवर लोखंडी टोपण बसवायचे होते. एकाने ते दाबून धरायचे, दुसऱ्याने आवळायचे. दाबून मी धरले होते. वारा चाळीकडे होता.

तेवढ्यात पथकातील भूपेंद्र दारात आला व ओरडला, "काका, चाळ खाली झाली! आता नुसती कुलपं राहिली!"

मला तेव्हा गजेंद्र आठवला. त्याआधी आठवला नव्हता. मी मुखवट्यातून ओरडलो. भूपेंद्रला वाटले, मी शाबास म्हणतो. त्याने अंगठा दाखवला व गेला. किल्ली पोशाखाच्या आत होती. तिथे पोशाख उघडता येत नाही. टोपण सोडले असते तर साऱ्या वस्तीवर गॅस गेला असता. मी सोडले नाही.

टोपण बसल्यावर अंगावर पाणी मारून पोशाख काढला व चाळीकडे पळालो. कुलूप उघडले. दार जड लागले. गजेंद्र दाराला टेकून बसलेला होता. फटीत ओली चादर कोंबलेली होती. गॅस आला तर तसे करायचे, हे त्याला मीच कधीतरी सांगितले होते. तो तेव्हा हसला होता. श्वास चालू होता. दवाखान्यात दिवेलागणीला तो श्वास थांबला. मी बाहेर बाकावर नामस्मरण करत होतो.

माझा फोन गेटवर जमा होता. त्यावर गजेंद्रचे बरेच कॉल आलेले होते.

रात्री त्याची पत्नी धनश्री हिचा गावाहून फोन आला. तिने विचारले, "भाऊ, तुम्ही त्यांच्याजवळच होता ना?" मी हो म्हणालो.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. धनश्रीला दिलेले उत्तर तेवढे खोटे आहे. ती उद्या येते आहे. ते मी तिला समक्ष सांगेन.