लिंबोणीखालची अंघोळ

हसू नका गं, माझं लग्न मोडता मोडता राहिलं ते एका लिंबोणीपायी. वैशाखात धारच्या आमच्या विहिरीचा तळ दिसायला लागला की आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हुकूम सुटायचा: अंघोळीचं पाणी मोरीत वाया घालवायचं नाही, ज्याने त्याने झाडाच्या बुडाशी बसून अंघोळ करायची. नेमके तेव्हाच देवासहून मुलाचे वडील मला बघायला आले. सकाळी आप्पांनी त्यांचं घंगाळ नेऊन ठेवलं थेट लिंबोणीखाली.

"ये क्या तमाशा है?" रागावले की ते हिंदीत शिरत. "मी दरबारचा माणूस, उघड्यावर अंघोळ करू?"

"उघड्यावर कशी? धोतराचा आडोसा केलाय की," आप्पा म्हणाले. "लिंबोणीला बहर आलाय, आज पाणी हवंच."

आईने कपाळाला हात लावला. पाहुणे पुटपुटत बसले, काटा टोचला तसे ओरडले आणि तडक टांग्यात चढले.

तरी होकार आला. का, ते कुणालाच कळेना.

पुढच्या उन्हाळ्यात आप्पा मला भेटायला देवासला आले. सासरे पंचा घेऊन दारातच उभे.

"या, व्याहीबुवा! तुमचं घंगाळ पपईखाली मांडलंय. अन् जरा ऐसपैस अंघोळ करा, माझ्या एकट्याच्या पाण्यावर तिचं भागत नाही."