जेवलात का, हे आधी विचारावं

सन्माननीय अध्यक्ष विकासराव, व्यासपीठावर बसलेले पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायचा ते आमचे रामदासभाऊ, केंद्रातल्या माझ्या सगळ्या बायका, आणि लवकर येऊन पंख्याखालची जागा धरलेली मंडळी, सगळ्यांना जय भीम, नमस्कार.

विकासराव आत्ता म्हणाले, "गंगुबाई दोन शब्द बोलतील." त्यांचे स्वतःचे दोन शब्द केवढे लांबले ते तुम्ही बघितलंतच. तेव्हा मलाही जरा सोसा.

भाऊंचा हा निरोप पहिला नाही. याआधी दोनदा ठरला आणि दोनदा मोडला. शाल मात्र तीच आहे. कपाटात राहून तिला डांबरगोळ्यांचा वास लागलाय, तेवढा भाऊंनी गोड मानून घ्यावा.

मोडला कशामुळे? पाहुण्यांना ठाऊक नसेल, म्हणून सांगते. आमचं पोळी-भाजी केंद्र कॉटन ग्रीनला आणि खाणारे लोअर परळच्या ऑफिसांत. ते वेबसाइटवर डबा मागवतात. पण डबे शिल्लक किती, हे त्या वेबसाइटला कुठून कळावं? ते कळतं शेगडीपाशी उभ्या कमळाबाईला. या दोघींच्या मधे इतकी वर्षं रामदासभाऊ. लोअर परळच्या काउंटरवर बसून ते कमळाबाईला फोन लावायचे, आकडा विचारायचे, वेबसाइटवर टाकायचे. परत फोन, परत आकडा. तिकडे चिपळूणहून लेक प्रिती सांगून थकली, "बाबा, आता पुरे, या इकडे." आणि भाऊंचं एकच, "मी आलो तर पोळ्या कोण विचारील?"

तेव्हा माझी नात संघमित्रा पुढे झाली. कॉम्प्युटरचं शिकलीय. म्हणाली, "आजी, आता वेबसाइटच विचारील. ती पीएचपी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलीय. तिला रिमोट प्रोसिजर कॉलची लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा गठ्ठा, बसवते. हाक इकडून मारायची, काम तिकडच्या मशीनने करायचं, उत्तर इकडे यायचं."

मी म्हटलं, "म्हणजे गॅलरीतून ओरडायचं."

"हो, पण न ओरडता."

"मग खालच्याला ऐकू कसं जायचं?"

पोरीने कपाळाला हात लावला. मी चौथीत शाळा सोडली, त्याचा राग ती अशी माझ्यावर काढते.

पहिल्या वेळी आम्ही पेढे आणूनच बसलो. संघमित्राने लायब्ररी बसवायला घेतली. पडद्यावर मुंग्यांसारखी अक्षरं धावली आणि शेवटी आलं, बसली. टाळ्या झाल्या. वेबसाइट उघडली, तर ती म्हणते, असली लायब्ररी मी पाहिलीच नाही! का? तर त्या मशीनवर पीएचपी निघाली दोन, एक जुनं, एक नवं. हिने बसवली नव्यात, आणि वेबसाइट चालत होती जुन्यावर. पाट मांडला पुढच्या खोलीत आणि जावई जेवायला बसला मागच्या खोलीत! निरोप मोडला. पेढे तेवढे संपले.

दुसऱ्या वेळी हिने बरोबर खोलीत, जुन्या पीएचपीत बसवली. पण नुसतं बसवून भागत नाही म्हणे. सेटिंगच्या फाइलीत एक ओळ लिहून सांगावं लागतं की बाई, ही नवी आलीय, हिला कामाला लाव. मग सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा. तेही केलं. वेबसाइटने हाक मारली, आणि कमळाबाईपुढे ठेवलेल्या नव्या टॅबलेटवर प्रश्न उमटला: शिल्लक डबे किती?

कमळाबाईने एकदा बघितलं आणि कणीक मळत राहिली.

उत्तर आलं नाही, तेव्हा वेबसाइटने ठरवून टाकलं की डबे संपले. सगळ्या लोअर परळला तसं कळवूनही मोकळी! तिथले लोक वडापाव शोधत फिरले आणि इथे पोळ्यांचा न् भेंडीच्या भाजीचा डोंगर. त्या रात्री आमच्या प्रत्येकीच्या घरी भेंडीच होती, विचारा यांना.

मी कमळाबाईला म्हटलं, "अगं, बोट लावायला काय झालं होतं?"

"ही काय विचारायची रीत झाली? सकाळपासून उभी आहे मी. आणि हा काचेचा तुकडा आल्या आल्या हिशोब मागतो! रामदासभाऊ असं विचारतात कधी?"

खरंच होतं. भाऊंचा फोन आला की आधी, "कमळाबाई, जेवलात का?" ती हो म्हणाली, तर काय जेवलात. नाही म्हणाली, तर "दोन घास खा, मी थांबतो." पोळ्यांचं त्यानंतर.

संघमित्रा तणतणली, "आजी, मशीन आहे गं ते!"

मी म्हटलं, "ते जाऊन कमळाबाईला सांग. तुझ्या हातात लायब्ररी आहे, तिच्या हातात लाटणं."

गेली नाही. गुपचूप बसली आणि बदल केला. आता पडद्यावर आधी येतं, जेवलात का? हो दाबलं की मग डब्यांचं विचारतं. नाही दाबलं तर थांबतं. वेबसाइटलाही बजावून ठेवलंय, तोवर दम धर, संपले म्हणून बोंबलू नकोस. तेव्हापासून एक डबा चुकलेला नाही, म्हणून आज ही शाल कपाटाबाहेर आली.

आता भाऊंचं. परवा दुपारी मी काउंटरवर गेले. फोन गप्प, भाऊ रिकामे बसलेले. सहज विचारलं, "भाऊ, जेवलात का?" म्हणाले, "जेवतो की, चारला." रोज? तर हो, रोज. सगळ्यांना विचारून झाल्यावर. इतक्या वर्षांत यांना कोणी विचारलंच नव्हतं. विचारणार कसं? यांची लाइन कायम बिझी, आमच्याशीच बोलत होते ना!

भाऊ, चष्मा पुसू नका, मी काही रडवायला उभी राहिलेली नाही. चिपळूणला प्रिती शाळेत शिकवायला जाणार, दुपारी घरात तुम्ही एकटे. संघमित्रा म्हणाली, "आजी, रोज आपोआप मेसेज जाईल, करून देते." मी म्हटलं, नको. पोळ्या मशीनने विचाराव्यात. हा फोन मी लावणार. आणि "जेवतो की" चालणार नाही, काय जेवलात ते सांगायचं. खोटं बोललात तर चिपळूणची गाडी मलाही सापडते.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. मी काही भाषणवाली नाही. कुणाचा मान मागेपुढे झाला असेल, तोंडून जास्तीचं गेलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. बाहेर पानं मांडलीत. अध्यक्ष आणि पाहुणे, तुम्ही जरा थांबा, आज पहिलं पान भाऊंचं.

कमळाबाई, वाढ गं.