श्रीधरमामा कुठले होते?

नमस्कार. कोणी ऑफिसातून तसेच आलात, कोणी दुबईच्या ऊद मेथाहून एवढ्या ट्रॅफिकमधून आलात. मला उभं राहून बोलायची सवय नाही. मामांविषयी तर नाहीच. पण आधी एक दुरुस्ती करायची आहे.

मामा गेल्याची बातमी आपल्या ग्रुपवर मी टाकली. त्यात लिहिलं होतं, "न्यूजर्सी त्यांनी केव्हाच मागे सोडली होती, अबुधाबी हेच त्यांचं कायमचं घर होतं." ते वाक्य मी मागे घेते. ते खरं आहे असं मला ठाऊक नव्हतं. छान वाटलं म्हणून लिहिलं. इथे कोणी गेलं की आपण असंच म्हणतो ना? इथलेच झाले होते, आता कुठे जाणार होते!

पण या वेळी त्या वाक्याचं ओझं मामीवर पडणार आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांना मामांचं काम नेमकं ठाऊक नसेल. इथल्या खलिफा सिटीतल्या घरी, जेवणाच्या टेबलाशी बसून ते अमेरिकेतल्या वकिलांसाठी दाव्यांचे मसुदे करायचे. मी कायदा कॉलेजात नंतर शिकले. आधी त्या टेबलावर शिकले. एका राज्याच्या नागरिकाला दुसऱ्या राज्याच्या नागरिकावर तिथल्या केंद्रीय कोर्टात दावा लावायचा असेल, तर दोघं कुठले हे पहिल्याच पानावर सांगावं लागतं. मी लिहायचे, "अमुक न्यूयॉर्कला राहतो." मामा पेन्सिल खाली ठेवायचे.

"राहतो कुठे ते कोण विचारतंय, मुक्ते? हॉटेलातही माणूस राहतो. त्याचं घर कुठलं? परत कुठे जायचंय त्याला?"

"आणि कंपनी असेल तर?"

"कंपनीला कुठे परत जायचंय! ती नोंदली कुठे आणि तिचा कारभार चालतो कुठून, दोन्ही लिही. यल्ला, चल, पुन्हा लिही."

एकदा जोशीकाका जेवायला आले होते. मामा म्हणाले, "अमेरिकेचा पासपोर्ट आहे, पण माणूस कायमचा अबुधाबीत राहिला. राज्य कोणतं?" काका म्हणाले, "कोणतं म्हणजे? अमेरिका!" मामा हसले. "कोणतंच नाही. परदेशी नाही, कुठल्या राज्याचाही नाही. केंद्रीय कोर्टात त्याला या वाटेने आत घेत नाहीत. खलास." काका म्हणाले, "हबीबी, मग अशा माणसाने जेवायचं तरी कुठे?" आठवतंय ना, काका?

पुढे तोच प्रश्न मामांवर आला. पासपोर्ट त्यांचाही अमेरिकेचाच.

त्यांच्या गुडघ्यात बसवलेला सांधा खराब निघाला. ऑपरेशन न्यूजर्सीत झालं होतं, सांधा बनवणारी कंपनी दुसऱ्या राज्यातली. दावा त्यांनी स्वतः लिहिला. त्यात म्हटलं, "मी न्यूजर्सीचा नागरिक, नोकरीसाठी परदेशात आहे, परत जाण्याचा इरादा आहे." कंपनीचे वकील म्हणतात, हा माणूस परत येणारच नव्हता; येणार होता तर सिद्ध करा. आता मामा नाहीत. दावा मामी पुढे नेईल, पण धरायचं ते मामांचंच राज्य, आणि तेही दावा लावला त्या दिवशीचं. सिद्ध झालं नाही तर दावा तिथून बाहेर. राज्याच्या कोर्टात पहिल्यापासून सुरुवात, आणि मुदत उरलीय का, हे कोणी छातीठोक सांगत नाही.

मामी परवा मला म्हणाली, "तू लिहिलंस ते वाचून मी रडले गं. पण ते वकिलाला नको दाखवूस."

मामी, मी ते दाखवणार आहे. दुरुस्तीसकट.

मी काय ऐकलं? दोन वाक्यं ऐकली. एक, दावा लिहीत होते तेव्हाचं. "रिटायर झालो की चाललो. बर्फ उपसायचं फावडं अजून तिकडच्या गॅरेजमध्ये ठेवलंय." दुसरं, बाल्कनीत, चहा घेताना. "आता कुठला जातोय मी." तेव्हा खुर्चीशेजारी वॉकर होता, आणि वॉकर दावा लावल्यानंतर आला. नंतर मन बदललं असेल तर दाव्याला धक्का लागत नाही. हा क्रम मला नक्की आठवतोय असं वाटतं. पण मामीसाठी मला हाच क्रम हवाय, म्हणून मला माझीच भीती वाटते.

काल कोणीतरी प्रेमाने सांगितलं, "शपथपत्रात लिहून टाक ना न्यूजर्सी, कोण बघतंय?" मामांनी पेन्सिल खाली ठेवली असती.

म्हणून तुम्हा सगळ्यांना विनंती आहे. मामा परत जायचं म्हणाले, किंवा नाही म्हणाले, असं ज्यांनी ऐकलं त्यांनी मला सांगा. केव्हा ऐकलं तेही सांगा. मामीच्या बाजूचं असो वा नसो. जोशीकाका, तुम्ही मघाशी जिन्यात म्हणालात, ते कधीच जाणार नव्हते. कधीपासून, काका? आता नका सांगू. घरी जाऊन नीट आठवा.

मामा, तुम्ही कुठले, हे मी आज सांगू शकत नाही. तुम्हीच शिकवलंय, माहीत नसेल तर लिहू नये.

आता आपण थोडा वेळ शांत उभे राहू या. आणि येत्या सोमवारी सकाळी मी मामांची ती दोन्ही वाक्यं कोर्टासाठी शपथेवर लिहून देणार आहे.